आंधळ्याची साक्ष

मनाहेमला दिसायला लागलं ते ऐन जैतुनाच्या हंगामात, आणि तेही शब्बाथच्या दिवशी. दोन्ही गोष्टी गावाला आवडल्या नाहीत.

हंगामात कुणाला सवड नसते. झाडं झोडायची, टोपल्या भरायच्या आणि ढिगाला उबारा सुटायच्या आत घाण्यावर तेल काढून घ्यायचं. अशा दिवसांत पाहुणासुद्धा नकोसा होतो, तिथं चमत्काराला कोण विचारतो? शब्बाथला मात्र काम बंद, त्यामुळे सगळा गाव रिकामा. जे झालं ते सगळ्यांनी नीट पाहिलं आणि कुणालाच पटलं नाही.

मनाहेम जन्माचा आंधळा. सहा दिवस घाणा ओढायचा आणि शब्बाथला खालच्या हमरस्त्याच्या विहिरीवर सावलीत बसून राहायचा. त्या दिवशी विहिरीवर कुणी गालीलकर आला. सोबत धुळीनं माखलेली दहाबारा माणसं. पाणी प्यायले, पाय धुतले. जाता जाता त्या गालीलकरानं मनाहेमच्या डोळ्यांवर ओले तळवे ठेवले, काहीतरी बोलला, आणि म्हणाला, घरी जा. एवढंच. ना काही मागितलं, ना नाव सांगितलं. संशयाला ही जागा पुरेशी होती. गालीलकडून आमच्या डोंगरात खारवलेली मासळी येते, आणि तीही कधी कधी नासकी.

मनाहेम चढ चढून वर आला तेव्हा वेशीत पिन्हासआबा बसलेला होता. पिन्हास आमचा पंच. शास्त्र पाठ, दाढी पांढरी, आणि एक भुवई कायम वर.

"आबा, मला दिसतंय," मनाहेम म्हणाला.

पिन्हासनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही. काखेकडे पाहिलं.

"काखंत काय हाय?"

"काठी."

"दिसतंय म्हंतोस, मग काठी कशाला?"

"माझीच हाय की. नेली हुती, आणली."

"आंधळ्याच्या हातात काठी म्हंजे त्याचा पाय. डोळसाच्या काखंत काठी म्हंजे ओझं. शब्बाथला ओझं वाहत वेशीतनं आत येतोस व्हय रं?"

मनाहेमनं जरा विचार केला. "मग आजच्या दिवस आंधळा समजा."

"तसं सोयीनं न्हाई चालत. हायस का न्हाईस, एक काय ते ठरीव."

मनाहेमनं काठी वेशीच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि आत पाऊल टाकलं. तिथली पायरी तो जन्मभर चढत होता, पण पाहिली नव्हती. ती दिसल्याबरोबर तो बिचकला, पाय जास्त उचलला आणि पालथा पडला. लोक हसले.

"दिसतंय म्हणं!" कुणीतरी मागून म्हणालं.

*

शेलोमित घरात भिंतीला टेकून बसली होती. नवरा दारात उभा राहून आपल्याकडे तोंड करून आहे हे तिच्या जरा वेळानं लक्षात आलं. एरवी त्याचं तोंड आवाजाकडे असायचं, आणि ती तर गप्प होती.

"आवं, कुठं बघताय?"

"तुझ्याकडं."

तिनं डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं. मग सगळं ऐकून घेतलं. हरखली, रडली, देवाचं नाव घेतलं. आणि मग एकदम गप्प झाली.

"आजच दिसायला लागलं का आदीपासनं?"

"आजच."

"खरं सांगा."

"आगं, आजच. का?"

"काय न्हाई," शेलोमित म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा राग आला की ती त्याच्या नाकासमोर उभी राहून जीभ काढून दाखवायची. आवाज होत नाही, भांडण होत नाही, मन मोकळं होतं. आता ती मागच्या सगळ्या जिभा आठवत बसली.

संध्याकाळी तिनं आदल्या दिवशीच्या जवाच्या भाकरी काढल्या. एक त्याच्यापुढे ठेवली, एक आपल्यापुढे. मनाहेम दोन्हींकडे पाहत राहिला. मग त्यानं डोळे मिटून दोन्हींवरून हात फिरवला, कारण डोळ्यांवर अजून त्याचा विश्वास बसला नव्हता.

"ही माझी? आन् ती तुझी?"

"व्हय."

"रोज म्हणायचीस दोन्ही सारख्याच हायत म्हणून."

"सारख्याच हायत. खावा गपचिप."

"तुझी तर तळहाताएवढी हाय."

"म्हंजे एवढी वर्सं मी फसवलं, असं म्हणायचंय?"

मनाहेमनं आपली भाकरी मोडली आणि मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला. तिनं तो परत सरकवला. त्यानं पुन्हा सरकवला. शेवटी तिला राग आला आणि सवयीनं तिनं जीभ काढली.

"हे काय?" मनाहेमनं विचारलं.

शेलोमित हसायला लागली. "रोजचंच हाय. तुम्ही आज बघितलं."

खाऊन झाल्यावर मनाहेम म्हणाला, "आता बांध बघायचा."

शेलोमितचं हसू थांबलं.

बांधाची गोष्ट गावाला माहीत होती, म्हणूनच कुणी काढत नसे. मनाहेमची उतारावरची पट्टी आणि त्याचा चुलतभाऊ हिल्किया याची पट्टी शेजारी-शेजारी. मनाहेमच्या बापानं पोराला लहानपणापासून अनवाणी बांधावरून फिरवलं होतं. इथं खडक गुळगुळीत, इथं बदामाचं खोड, आणि टोकाला खडकात कोरलेला टोपलीएवढा खळगा. त्या खळग्यात बांधाचा दगड बसवलेला. बाप म्हणायचा, पायानं लक्षात ठेव. बाप गेला त्याच वर्षी एक दिवस मनाहेमच्या पायाला खळग्याची कड लागली नाही. दगड होता, पण भुसभुशीत मातीत, अलीकडे. मधली दोन जैतुनाची झाडं पलीकडे हिल्कियाकडे गेली होती.

मनाहेमनं तेव्हा पंचांपुढे तक्रार केली. पिन्हासनं निकाल दिला, की आंधळ्याची साक्ष चालत नाही. साक्ष डोळ्यानं पाहिल्याची लागते आणि ती दोघांची लागते. शेलोमितला दिसत होतं, पण ती बाई. मनाहेम पुरुष, पण त्याला दिसत नव्हतं. दोघांचा मिळून निदान एक तरी साक्षीदार होईल का, असं शेलोमितनं विचारलं होतं. पंचांनी ते थट्टेवारी नेलं. गाव मात्र दयाळू. कापणीत शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडतात, झाडाचा शेंडा सोडतात, त्यातला आंधळ्याचा वाटा शेलोमितनं न्यावा असं सगळ्यांनी ठरवलं. हिल्कियानं तर मनाहेमला घाण्यावर कामही दिलं.

आता मनाहेमला डोळे होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मनाहेम घाण्यावर गेला. गावात घाणा एकच, हिल्कियाचा. त्याच्या दांड्याला एका बाजूला गाढव जुंपायचं आणि दुसऱ्या बाजूला मनाहेम. गाढवाला गरगरू नये म्हणून झापड बांधतात. मनाहेमला कधी बांधावी लागली नव्हती.

त्यानं दांड्याला छाती लावली आणि चालायला लागला. भिंत आली, दार आलं, टोपल्या आल्या, हिल्किया आला, परत भिंत आली. थोड्या वेळात सगळं एकमेकांत मिसळायला लागलं. मनाहेमनं दांडा सोडला, कोपऱ्यात जाऊन ओकला आणि जमिनीवर बसला. गाढव थांबलं.

"काय झालं रं?" हिल्किया जवळ आला. हिल्किया दिसायला मायाळू माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तो हात पटकन उचलायचा नाही.

"गरगरतंय दादा. सगळं फिरतंय."

"बघ, म्हंजे बाधलंच की काहीतरी. चांगला आंधळा हुतास, कधी एक दिवस खाडा न्हाई. त्या गालीलवाल्यानं काय केलं कुणास ठावं." हिल्किया खाली वाकला. "काय काय दिसतं रं तुला?"

"सगळंच दिसतं. पण काय काय हाय ते कळत न्हाई."

"लांबचं दिसतं?"

"दिसतं."

"शेताकडचं?"

हिल्कियाचा हात खांद्यावर जरा जड झाला.

"ऊन चढलंय तर नजर फसवती, मनाहेम. नवीन डोळं. मी म्हंतो कशाला ताण द्यायचा? झापड बांध, काम कर, आपलं चाललंय ते चालू दे. गाढवाचं काय वाईट झालंय?"

मनाहेमनं खरंच एक फडकं घेतलं, डोळ्यांवर बांधलं आणि दांड्याला लागला. दिवसभर घाणा नीट चालला. संध्याकाळी फडकं सोडून तो म्हणाला, "दादा, मी पंचांकडं जाणार हाय. बांधासाठी."

"जा की," हिल्किया म्हणाला. "पण तुझं जैतून कुठं गाळणार, त्येचा इचार कर. दुसऱ्या गावाला जायला दोन डोंगर हायत. आता चढ दिसतील तुला."

पुढच्या दिवशी घाण्यावर दुसरं गाढव आलं.

त्याच दुपारी शेलोमित टोपली घेऊन यद्दुआच्या बागेत कोपऱ्याचा वाटा घ्यायला गेली. यद्दुआ हाही पंच. त्याची बायको शिडीखाली उभी होती. गेल्या हंगामापर्यंत ती स्वतः ओंजळी भरून घालायची.

"तू कशाला आलीस गं?"

"वाट्याला. नेहमीसारखी."

"तुझ्या घरी आता आंधळं कोण हाय?"

शेलोमित उभी राहिली. बाकीच्या बाया झाडाखाली वाकून वेचत होत्या. त्यांच्या पाठी थांबल्या, पण कुणी वळलं नाही.

"आन् ऐक," यद्दुआची बायको म्हणाली, "लोक काय म्हंत्यात ठावं हाय का? एवढा लगेच बरा झाला तो आजारी हुता कुठं? एवढी वर्सं आमचा वाटा खाल्लात."

"त्यो आंधळा हुता. तुमच्या दारातल्या खांबावर किती वेळा आपटलाय, टेंगळं मोजा जावा."

"टेंगळं काय, आणता येतात."

शेलोमितनं रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली आणि घरी आली. वाटा गेला, काम गेलं. घरात कोनाड्यात जवाचं पीठ होतं ते, आणि पट्टीतली एक खुरटी बाग. त्या दोन झाडांवाचून हिवाळा निघणार नव्हता. तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "डोळं मिळालं ते बरंच झालं. पण मिळालं तर त्यांना त्यांचं काम तरी करू द्या."

*

पंच वेशीत बसले. पिन्हास, यद्दुआ आणि तिसरा मत्तन्या. मत्तन्या फार कमी बोलायचा. दोघं काय म्हणतात ते पाहायचा आणि मग त्याच बाजूला दाढी हलवायचा. तिघांचीही जैतुनं हिल्कियाच्या घाण्याच्या अंगणात ढिगानं पडलेली होती, आणि उबाऱ्याचा वास वेशीपर्यंत येत होता. हिल्किया स्वतः एका बाजूला नम्रपणे उभा होता. पहिली पाळी कुणाची लावायची हे त्याच्या हातात होतं. तो ते बोलून दाखवत नव्हता.

"आदी हे ठरवू," पिन्हास म्हणाला, "की तुला दिसतं का. यद्दुआ, दाखीव."

यद्दुआनं झोळीतून एक कांदा काढून धरला.

"हे काय?"

मनाहेमनं पाहिलं. गोल होतं, चमकत होतं. त्यानं असं काही कधी पाहिलं नव्हतं. सवयीनं त्यानं डोळे मिटले, हात पुढे केला, कांदा नाकाजवळ नेला.

"कांदा."

"बघा," यद्दुआ म्हणाला. "डोळं मिटून वळखतो. आंधळाच हाय."

"आबा, मी कांदा कधी बघितला न्हाई. खाल्लाय. एकदा बघितला, आता कळंल."

"मग आता तुला दिसत न्हाई असं समजायचं का?"

"दिसतंय. तुमच्या दाढीत भाकरीचा चुरा हाय."

यद्दुआनं दाढी झटकली. लोक हसले आणि लगेच गप्प झाले. पिन्हासची भुवई आणखी वर गेली.

"चुरा तर कुणाच्याबी दाढीत असतोय. अंदाजानं सांगता येतं," तो म्हणाला. "आन् खरंच दिसत असंल, तर दुसरा प्रश्न. कधीपासनं? शब्बाथ मोडून फिरणाऱ्या माणसाच्या हातानं देव डोळं देत न्हाई. म्हंजे डोळं आदीच हुतं. म्हंजे तू सोंग करून गरिबांचा वाटा खाल्लास. तो परत करावा लागंल. कोण्या एका हंगामाचा न्हवं, सगळा."

"आन् आंधळा असंन तर?"

"तर आंधळ्याची साक्ष चालत न्हाई. तुला ठावं हाय."

मनाहेम बराच वेळ पिन्हासकडे पाहत राहिला. माणसाचा चेहरा वाचायला तो अजून शिकलेला नव्हता, त्यामुळे त्यानं विचारलं, "आबा, तुम्हाला राग आलाय का भ्या वाटतंय? मला अजून फरक कळत न्हाई."

कुणी हसलं नाही.

"साक्ष राहू द्या," मनाहेम म्हणाला. "मी काय बोलतच न्हाई. तुम्ही तिघं बांधावर चला. मी दाखवतो, तुम्ही बघा. तुमचं डोळं तर आदीपासनंच चांगलं हायत."

गावापुढे याला नाही म्हणायला जागा नव्हती. पिन्हासनं हिल्कियाकडे पाहिलं. हिल्कियानं मान हलवली, चला म्हणून. खळग्यावर त्यानं माती भरून छाटलेल्या फांद्यांचा ढीग रचला होता, त्याला आता कितीतरी पावसाळे झाले होते. तिथं आता पाहण्यासारखं काही नव्हतं.

*

बांधावर सकाळचं ऊन होतं. वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात माणसं झाडं झोडत होती. ही मंडळी दिसल्यावर काठ्यांचा आवाज थांबला.

मनाहेम बांधाच्या वरच्या टोकाला उभा राहिला आणि खाली पाहिलं. सगळीकडे माती, दगड, काटे, फांद्या. एकसारखंच. इतकं दिसत होतं की काहीच कळत नव्हतं. त्यानं परत परत पाहिलं. हिल्किया खाकरला.

"दिसतंय का रं?"

शेलोमित पुढे आली. कमरेला खोचलेलं फडकं काढून तिनं नवऱ्याच्या हातात दिलं. घाण्यावरचंच ते. मनाहेमनं चपला काढल्या आणि फडकं डोळ्यांवर बांधलं.

"हे काय सोंग?" यद्दुआ म्हणाला.

मनाहेम चालू लागला. टाच आधी, मग चवडा. गुळगुळीत खडक आला, तिथं तो जरा थांबला, जणू घरात आल्यासारखा. बदामाचं खोड कुणीतरी उपटून टाकलं होतं, पण मुळं राहिली होती. ती अंगठ्याला लागली. तिथून तो वळला, बांधाच्या दगडाच्या अंगावरून सरळ पुढे गेला, हिल्कियाच्या शेतात शिरला, दोन्ही झाडांना हातानं चाचपत मागे टाकलं आणि फांद्यांच्या ढिगाला जाऊन धडकला. वाळलेल्या काटक्यांनी पोटऱ्या ओरबाडल्या. त्यानं वाकून ढीग बाजूला फेकायला सुरुवात केली. शेलोमितही लागली. मग तो गुडघ्यावर बसला आणि हातांनी माती काढू लागला.

"उगं शेत उकरतोय माझं," हिल्किया म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

नखात माती, बोटांतून रक्त. मग मनाहेमचा हात थांबला. त्यानं तळहात आत घातला आणि तसाच ठेवला. शेलोमितनं पदरानं उरलेली माती पुसून काढली. खडकात कोरलेला गोल खळगा, कडेला छिन्नीचे घाव. उन्हात स्वच्छ.

"बघा आबा," ती म्हणाली.

तिघं पंच खळग्याभोवती आले. हिल्किया त्यांच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्यानं पिन्हासच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या सकाळी तुमचा घाणा लावू म्हंतो, आबा," तो म्हणाला.

पिन्हासनं खळग्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. "ऊन फार हाय. डोळं दिपल्यात. मला काय दिसत न्हाई."

"मला अलीकडं जवळचं दिसतच न्हाई," यद्दुआ म्हणाला.

मत्तन्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मी तर आलोच न्हाई," तो म्हणाला.

मनाहेमनं फडकं सोडलं. "तिघांनाबी न्हाई दिसत?"

"न्हाई."

"परत एकदा सांगा. माझं डोळं नवीन हायत, कान मात्र जुनं हायत."

"न्हाई म्हंतो ना!" पिन्हास ओरडला. "या बांधावर आम्हाला काही दिसत न्हाई!"

"ऐकलंस का दादा?"

"ऐकलं," हिल्किया म्हणाला आणि पहिल्यांदाच मोकळं हसला. "वरच्या शेतातल्यांनीबी ऐकलं."

मनाहेम उठला. बांधाच्या दगडाकडे गेला, वाकला आणि त्याला कवेत धरून हलवलं. शेलोमितनं दुसऱ्या बाजूनं खांदा लावला. दगड भुसभुशीत मातीतून सुटा झाला. दोघांनी तो लोटत, थांबत, पुन्हा लोटत दोन झाडांच्या मधून नेला. दोघं काय करतायत हे हिल्कियाच्या डोक्यात शिरेपर्यंत दगड खळग्याच्या काठावर आला होता. एकदा डुगडुगला आणि आत बसला. नीट बसला. बोटभर फट राहिली नाही.

"आबा!" हिल्किया किंचाळला. "दगड हलवला! बांधाचा दगड हलवला त्यानं! शास्त्रात शाप हाय त्याला! बघा की!"

"काय बघू?" पिन्हास म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

"तुमच्यासमोर हलवला!"

"कुणी बघितला?" शेलोमितनं विचारलं. "साक्ष दोघांची लागती. डोळ्यानं बघितलेली."

यद्दुआ आपल्या पायांकडे पाहत राहिला, ते तरी दिसतात का हे तपासत असल्यासारखा. हिल्कियानं वर पाहिलं. शेताच्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसं इतका वेळ टक लावून पाहत होती. आता एकानं काठी उचलली, मग दुसऱ्यानं. झाडं झोडायचा आवाज सगळीकडून पुन्हा सुरू झाला. कुणालाच काही दिसलं नव्हतं.

"तेल कुठं काढशील?" हिल्किया म्हणाला. "माझ्या घाण्याच्या दारात उभं राहू देणार न्हाई!"

"पाट्यावर वाटीन," शेलोमित म्हणाली. "गेली एवढी वर्सं पीठ पुरवलंय, तेलबी पुरवीन."

मनाहेमनं फांद्यांच्या ढिगातली एक लांब काठी घेतली आणि पहिल्या झाडाला हात लावला. ज्या ढोलीत बाप त्याचा हात धरून घालायचा ती ढोली तिथंच होती. त्यानं डोळे मिटून आधी ती चाचपली, मग उघडून पाहिली. आणि झोडायला लागला. काळी जैतुनं शेलोमितच्या डोक्यावर, पाठीवर, मातीत पडायला लागली. शेंडा त्यानं सोडला. तो सोडायचाच असतो.

पंच निघाले होते. शेलोमितनं खाली पडलेली ओंजळभर जैतुनं गोळा केली आणि त्यांना वाटेत गाठलं.

"घ्या आबा."

"हे काय?" पिन्हासनं विचारलं.

"आंधळ्यांचा वाटा."

पिन्हास तिच्याकडे न पाहता पुढे गेला. यद्दुआ त्याच्या मागोमाग. मत्तन्या मात्र थांबला. त्यानं पुढे गेलेल्या दोघांकडे पाहिलं, मग अंगरख्याचा घोळ पसरला.

"मी आलोच न्हवतो," तो म्हणाला, "पण दे."